गाय, वासरू आणि कोलम किलेची पोथी

कॉपीराइटवरची चर्चा रंगात आली की सहाव्या शतकातला एक आयरिश मठवासी हमखास साक्षीला बोलावला जातो. कोलम किले, लॅटिनमध्ये कोलुम्बा. गोष्ट थोडक्यात अशी. कोलम किले आपला गुरू फिनियन याच्याकडे राहायला गेला. गुरूजवळ बायबलमधल्या स्तोत्रांची एक दुर्मीळ पोथी होती. रात्री चर्चमध्ये बसून त्यानं तिची गुपचूप नक्कल उतरवली. फिनियनला ते कळलं आणि त्यानं नक्कल आपली म्हणून मागितली. वाद तारा या आयरिश राजपीठाच्या राजापुढे, डिअर्मतपुढे गेला. राजानं निवाडा दिला की प्रत्येक गाईला तिचं वासरू, तशी प्रत्येक पोथीला तिची पोरपोथी. कोलम किलेनं निवाडा मानला नाही. त्यानं आप्तांना जमवलं, 561 साली कूल द्रेम्नेची लढाई झाली, परंपरेच्या आकड्यानुसार 3,000 माणसं पडली. पश्चात्तापानं पोळून तो 563 साली आयर्लंड सोडून स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या आयोना बेटावर गेला आणि तिथून त्याचं धर्मप्रसाराचं आयुष्य सुरू झालं.

गोष्ट सुरेख आहे, आणि दोन्ही पक्षांच्या सोयीची आहे. हक्क कडक हवेत असं म्हणणारे राजाचा निवाडा दाखवतात: बघा, चौदाशे वर्षांपूर्वीसुद्धा नक्कल मूळ मालकाची मानली जात होती. ज्ञान मोकळं हवं असं म्हणणारे कोलम किलेला दाखवतात: बघा, मुक्त प्रतीसाठी लढणारा पहिला वीर. माझं म्हणणं असं की दोघांनीही ही साक्ष मागे घ्यावी. ही गोष्ट सहाव्या शतकातली नाही. आणि ती बाजूला ठेवली तर कोलम किलेच्याच मठातून प्रतींविषयी अस्सल, लेखी, तारखेनिशी पुरावा मिळतो. तो आजच्या वादाला जास्त उपयोगी आहे आणि त्याच्याकडे जवळजवळ कोणी बघत नाही.

आधी कागदपत्रं. कोलम किलेचं सर्वांत जुनं संपूर्ण चरित्र आयोनाचा नववा मठाधिपती अॅडोम्नान यानं लिहिलं, कोलम किलेच्या मृत्यूनंतर साधारण शंभर वर्षांनी. अॅडोम्नान 704 मध्ये वारला. तो त्याच कुळातला आणि त्याच मठातला, हयात म्हाताऱ्यांनी ऐकलेल्या आठवणी गोळा करणारा. तो कूल द्रेम्नेच्या लढाईचा उल्लेख करतो, पण तारीख मोजण्यापुरता: लढाईनंतर दुसऱ्या वर्षी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कोलम किले समुद्रापार गेला. टेल्टे इथल्या धर्मसभेनं त्याला बहिष्कृत केलं होतं, हेही तो लपवत नाही. कारणं क्षुल्लक आणि क्षम्य होती, असं म्हणून तो पुढे जातो. पोथीच्या वादाविषयी एक शब्द नाही. गुरू फिनियन त्याच्या चरित्रात येतो तो प्रेमानं, वादी म्हणून नाही.

आयरिश बखरींत 561 च्या नोंदीत जिंकणाऱ्यांची नावं आहेत. त्यात एक आहे सेत्नाचा मुलगा ऐन्मिरे, म्हणजे कोलम किलेचा सख्खा चुलतभाऊ. कोलम किले स्वतः उत्तरेच्या ई नेल घराण्यातला, नऊ ओलिसांचा नियाल म्हणून प्रसिद्ध असलेल्या राजाचा खापरपणतू. विरुद्ध बाजूचा डिअर्मत त्याच घराण्याच्या दक्षिणेकडच्या शाखेचा. ताराच्या गादीवरून भाऊबंदकी चाललेली होती. कोलम किलेच्या आश्रयाला आलेल्या एका राजपुत्राला डिअर्मतनं ठार मारलं, असंही एक कारण परंपरा देते. राजघराण्यातला वजनदार मठवासी भाऊबंदांच्या लढाईत एका बाजूनं प्रार्थना करतो आणि पुढे धर्मसभेत अडचणीत येतो, हे समजायला पोथी मध्ये आणावी लागत नाही.

मग पोथी आली कुठून? कोर्टकचेरीसकट, सविस्तर रूपात ही गोष्ट मिळते ती 1532 मध्ये मानुस ओ'डोनेल यानं लिहवून घेतलेल्या कोलम किलेच्या आयरिश चरित्रात. लढाई आणि हे लिखाण यांत 971 वर्षांचं अंतर आहे. त्यातच कोलम किलेच्या हाताची पाच बोटं मेणबत्त्यांसारखी पेटून उजेड देतात आणि फटीतून डोकावणाऱ्या माणसाचा डोळा क्रौंच पक्षी चोचीनं काढतो. आणि मानुस कोण होता? ओ'डोनेल घराण्याचा वारस, पुढे 1537 मध्ये घराण्याचा प्रमुख. या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या एक पवित्र पोथी होती, 'काथाख', म्हणजे 'लढवय्यी'. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडमधल्या केल्स इथे घडवलेल्या धातूच्या संपुटात ती बंद असे. युद्धापूर्वी तिच्या वंशपरंपरागत राखणदारानं ती गळ्यात घालून सैन्याभोवती तीन उजव्या प्रदक्षिणा घालायच्या, अशी रीत होती. हीच ती वादातली नक्कल, असं मानुसचं चरित्र सांगतं. म्हणजे ही गोष्ट एका घराण्यानं आपल्या रणदेवतेची सांगितलेली उत्पत्तिकथा आहे. तसं वाचलं तर ती फार मोलाची आहे. न्यायनिवाडा म्हणून तिची किंमत शून्य.

काथाख मात्र खरी आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं. संपुट 1813 मध्ये उघडलं तेव्हा आत ओलीनं चिकटून गठ्ठा झालेली पानं निघाली. आज त्यांतली 58 शिल्लक आहेत, डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीत. मूळची सुमारे 110 असावीत. अक्षरावरून काळ ठरतो तो सहाव्या शतकाची अखेर ते सातव्याची सुरुवात. कोलम किलेच्या हयातीशी तो जुळू शकतो, यापलीकडे अक्षर काही सिद्ध करत नाही. मजकूर आहे बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याच्या स्तोत्रांचा, आणि त्यात जेरोमनं घातलेल्या खुणाही उतरवल्या आहेत: ग्रीकमध्ये आहे पण हिब्रूत नाही अशा शब्दांना एक खूण, हिब्रूतून भर घातलेल्या शब्दांना ताऱ्याची खूण. म्हणजे उतरवणाऱ्यापुढे एक चिकित्सक आवृत्ती होती आणि तिचं महत्त्व त्याला कळत होतं.

अशी एक प्रत करायला काय लागायचं, हे माहीत असल्याशिवाय नकलेच्या मालकीवर बोलण्यात अर्थ नाही. सुरुवात वासरापासून. मध्ययुगीन कृतींमधली रीत अशी: ताजं कातडं वाहत्या पाण्यात धुवायचं, मग चुन्याच्या पाण्यात आठवडाभर, थंडीत त्याच्या दुपटीनं, आणि दिवसातून दोन-तीनदा काठीनं ढवळायचं. दिवस कमी भरले तर केस मुळासकट सुटत नाहीत, जास्त झाले तर कातडं पोचट होतं. मग ओंडक्यावर टाकून बोथट पात्यानं एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूचं मांस खरवडायचं. ओलं कातडं चौकटीवर ताणायचं, पण सरळ दोरी ओवून चालत नाही, कडा फाटतात. म्हणून कडेत गुळगुळीत खडे गुंडाळून त्या गाठींना दोऱ्या बांधायच्या आणि खुंट्या पिळून ताण वाढवत न्यायचा. ताणलेल्या अवस्थेत चंद्रकोरीच्या आकाराच्या सुरीनं पुन्हा खरवडायचं. सुरीचा कोपरा टोचला तर टाचणीएवढं भोक ताणानं रुंदावून अंडाकृती खिडकी होते. अशा खिडक्यांना वळसा घालून लिहिलेल्या ओळी जुन्या पोथ्यांत सर्रास दिसतात. आयरिश कारागीर कातडं जाडसर ठेवत आणि दोन्ही बाजू मखमलीसारख्या खरखरीत, त्यामुळे केसांची बाजू कोणती आणि मांसाची कोणती, हे ओळखणं अवघड जातं. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या पोथ्यांत तो फरक चटकन दिसतो.

एका कातड्यातून दोन दुहेरी पानं, म्हणजे घडी घातल्यावर चार पानं धरली, तर 110 पानांना 27-28 वासरं लागली. ज्या समाजात दंड, हुंडा, माणसाची प्रतिष्ठा सगळं गुरांत मोजलं जाई, तिथे हा खर्च लहान नव्हता. पोथीचं वासरू म्हणजे नक्कल, असं राजाच्या तोंडी घातलेलं वाक्य वाचताना हे विसरलं जातं की नक्कल अक्षरशः वासरांची असते, आणि ती वासरं नक्कल करणाऱ्या मठाची असतात.

पुढचं काम शाई. ओकच्या झाडावरची मायफळं कुटून भिजवायची, त्यात हिराकस आणि डिंक. लिहिताना ती फिकट दिसते, हवा लागून काळी होते. हिराकस जास्त पडला तर काही शतकांनी शाई कातडं खाऊन अक्षराच्या आकाराची भोकं पाडते. पानांच्या जुड्या आयरिश मठांत बहुधा पाच दुहेरी पानांच्या, आधी घडी घालून मग दोन्ही समासांत टोचे मारून ओळी आखलेल्या. हंस-बदकाच्या पिसाची लेखणी दिवसातून कितीतरी वेळा तासावी लागे. काथाखमधली मोठी आद्याक्षरं शेंदरी ठिपक्यांनी वेढलेली आहेत, आणि त्यांच्यामागची अक्षरं उतरत्या आकारानं लहान होत ओळीत मिसळतात. हे सगळं धरून दिवसाला सहा-सात पृष्ठं झाली तर 220 पृष्ठांना महिन्याहून अधिक. घाईघाईत, चोरून करण्याजोगं हे काम नाही.

आणि खरा धोका चोरीचा नव्हताच, चुकीचा होता. स्तोत्रांसारख्या मजकुरात डोळा घसरतो. 136 व्या स्तोत्रात 26 चरण आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद. मूळ प्रतीवरून नजर उचलून आपल्या पानाकडे न्यायची, परत मूळ प्रतीकडे आणायची, तेवढ्यात ती पुढच्याच पालुपदावर जाऊन बसते आणि मधला चरण कायमचा गळतो. पुढच्या प्रतीत तो नसणारच. जेरोमच्या ताऱ्या-खुणा ज्यानं कंटाळून सोडल्या, त्याच्या प्रतीवरून उतरवणाऱ्यांना हिब्रू कोणतं आणि ग्रीक कोणतं, हे कधीच कळणार नाही. एकच प्रत असलेली पोथी ओलीनं, उंदरानं, आगीनं जाते. वाईट प्रत असलेली पोथी हळूहळू जाते. मालक कोण, हा प्रश्न या लोकांना पडलाच नसेल असं नाही, पण तो त्यांचा पहिला प्रश्न नव्हता.

तरीही मालकीचा प्रश्न विचारायचाच असेल तर त्या काळातली खरी उत्तरं उपलब्ध आहेत, आणि ती वासराच्या निवाड्याशी जुळत नाहीत. 533 मध्ये रोमन सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेनं तयार झालेल्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकात नेमका हा मुद्दा आहे: माझ्या चर्मपत्रावर तू काव्य लिहिलंस, अगदी सोन्याच्या अक्षरांत लिहिलंस, तरी पुस्तक माझं. मात्र तू प्रामाणिक समजुतीनं लिहिलं असशील तर लेखनाचा खर्च न देता मला ते घेता येणार नाही. मजकूर कोणाचा, हा प्रश्नच तिथे नाही, कातडं कोणाचं एवढाच. हा रोमन कायदा आयर्लंडमध्ये लागू नव्हता, पण कूल द्रेम्नेच्या पिढीत युरोपातला सर्वांत प्रगत कायदा पुस्तकाकडे कसा पाहत होता, ते यातून कळतं.

आयर्लंडच्या स्वतःच्या कायद्यात सातव्या शतकातला 'बेखब्रेथा', मधमाश्यांचे निवाडे, हा ग्रंथ आहे. पोळं माझ्या अंगणात, पण माश्या रस आणतात शेजाऱ्यांच्या फुलांवरून. म्हणून त्या ग्रंथात पोळ्यातून निघणाऱ्या नव्या थव्यांत शेजाऱ्यांनाही वाटा ठरवून दिला आहे. आयरिश कायद्यातून पोथीसाठी दृष्टान्त हवाच असेल तर हा घ्यावा. तो खरोखर लिहिलेला आहे, आणि पोथीला नेमका लागू पडतो. फिनियनची स्तोत्रं जेरोमकडून आली होती, जेरोमनं ग्रीक आणि हिब्रूवरून साधली होती. रस कोणत्या फुलांचा, हे विचारल्याशिवाय पोळ्याचा मालक ठरवता येत नाही, हे त्या कायदेपंडितांना कळत होतं. गाय एकटीनं वासरू देते, पुस्तक एकट्यानं होत नाही.

आता आयोनाची साक्ष. अॅडोम्नानच्या चरित्रात लेखनिक पानोपानी भेटतात. बैथेने नावाचा शिष्य येऊन सांगतो, मी स्तोत्रांची पोथी उतरवली आहे, ती तपासायला एक बंधू द्या. कोलम किले म्हणतो, तिच्यात एक अक्षर कमी नाही की जास्त नाही, फक्त एका ठिकाणी 'आय' हा स्वर गळला आहे. चमत्कार म्हणून सांगितलेला प्रसंग आहे, पण त्यातली नित्याची गोष्ट पाहा: उतरवलेली पोथी दुसऱ्यानं तपासायची, हा मठाचा रिवाज होता, आणि एका स्वराचीही मोजदाद होत होती. दुसऱ्या प्रसंगात धसमुसळ्या पाहुण्याच्या झग्याचा फटका लागून शाईचं शिंग कलंडतं. आणखी एकात पोथी पाण्याच्या भांड्यात पडते. 9 जून 597 ला कोलम किले गेला, त्याच्या आदल्या दिवशीही तो स्तोत्रं उतरवत होता. 34 व्या स्तोत्रात, प्रभूला शोधणाऱ्यांना कशाचीच उणीव पडणार नाही, या ओळीपाशी पान संपलं. तो म्हणाला, इथे थांबतो, पुढचं बैथेनेनं लिहावं. बैथेने त्याच्यामागून मठाधिपती झाला.

लेखकाला मोबदला कसा मिळे, हेही नोंदलेलं आहे. अॅडोम्नाननं पवित्र भूमीतल्या स्थळांवर एक पुस्तक लिहिलं, आधी मेणाच्या पाट्यांवर, मग चर्मपत्रावर. उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियाचा राजा आल्डफ्रिथ याला त्यानं ते भेट दिलं. आठव्या शतकातला इंग्रज इतिहासकार बीड लिहितो की राजानं अॅडोम्नानला पुष्कळ भेटी देऊन परत पाठवलं आणि ते पुस्तक सामान्य लोकांनाही वाचायला मिळेल अशी व्यवस्था केली. लेखकाला एकदा मान आणि धन, मग प्रती मोकळ्या. ही पद्धत आज जशीच्या तशी चालणार नाही, कारण राजांच्या भेटीवर कोणा लेखकाचं घर चालत नाही. पण आयर्लंडच्या मठांत नक्कल म्हणजे गुन्हा होता, या समजाला तिच्यात जागा नाही.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा कोलम किलेच्या चरित्राच्या अगदी शेवटी आहे. ज्यांना ही पुस्तकं उतरवून घ्यायची असतील त्यांना अॅडोम्नान ख्रिस्ताची शपथ घालतो: उतरवून झाल्यावर मूळ प्रतीशी काळजीपूर्वक ताडून पाहा, दुरुस्त करा, आणि ही शपथसुद्धा इथे याच ठिकाणी उतरवा. नक्कल करायला बंदी नाही, परवानगीची अटही नाही. अट एकच, ताडून पाहण्याची, आणि ती अट प्रतीबरोबर पुढे गेली पाहिजे. आजच्या मुक्त परवान्यांचे मसुदे करणारे वकील ज्या कलमावर डोकं लढवतात, ते कलम आयोनाच्या मठाधिपतीनं तेराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. ते पाळलंही गेलं. 713 मध्ये वारलेल्या डोर्बेने या आयोनाच्याच मठवाशानं उतरवलेली प्रत आज स्वित्झर्लंडमध्ये शाफहाउझेनच्या ग्रंथालयात आहे, आणि तिच्यात शपथ जागेवर आहे.

आता आजचं. लेखकाचा कायदेशीर हक्क म्हणून कॉपीराइट सुरू होतो तो इंग्लंडमध्ये 1710 साली अमलात आलेल्या कायद्यानं, चौदा वर्षांच्या मुदतीवर. भारतात 1957 च्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं संरक्षण मिळतं, आणि त्याच कायद्याच्या 52 व्या कलमात शिक्षणासाठी नक्कल करण्याची सूट आहे. 16 सप्टेंबर 2016 ला दिल्ली उच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांसाठीच्या झेरॉक्स संचांचा खटला या कलमाच्या शब्दांवरून निकाली काढला, आणि साहित्यकृतीवरचा कॉपीराइट हा दैवी किंवा नैसर्गिक हक्क नसल्याचं नमूद केलं. वाद असाच व्हायला हवा: मुदत किती, सूट कोणाला, मोबदला कसा. लेखकाला मोबदला मिळालाच पाहिजे असं मला वाटतं, आणि मुदत मृत्यूनंतर 60 वर्षं असण्याचं समर्थन करणं कठीण आहे असंही वाटतं. पण यांतलं काहीही डिअर्मतच्या दरबारातून ठरत नाही.

आयोनाच्या पुराव्यातून मात्र एक मागणी थेट निघते, आणि ती जुन्या हस्तलिखितांना लागू आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेनं हजार वर्षांच्या पोथीचा फोटो काढायचा आणि त्या फोटोवर नवा हक्क सांगून अभ्यासकाकडून प्रत्येक पानाचे पैसे घ्यायचे, हे थांबलं पाहिजे. युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशाच्या 14 व्या कलमानं मुदत संपलेल्या दृश्यकलेच्या हुबेहूब प्रतिकृतींवर नवा कॉपीराइट नाकारला आहे. नक्षीदार आद्याक्षराला तो सहज लागू होईल. साध्या मजकुराच्या पानाला दृश्यकला म्हणायचं का, यावर वाद घालता येतो, आणि तशी फट राहणं चूक आहे. लिखित पानांचा उल्लेख स्पष्टपणे हवा.

दुसरी बाजूही तेवढीच ठामपणे मांडायला हवी. फुकट वाटलेली पण न ताडलेली प्रत म्हणजे मोकळं ज्ञान नव्हे. जालावर फिरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफमध्ये पानं गळलेली असतात, समासातल्या टीपा कापलेल्या असतात, यंत्रानं वाचलेल्या मजकुरात अक्षरं बदललेली असतात, आणि कोणत्या आवृत्तीवरून हे घेतलं ते लिहिलेलं नसतं. हे टाळायला फार काही लागत नाही. मूळ प्रत कोणती आणि कुठे आहे, एकूण पानं किती, गहाळ कोणती, मजकूर कोणी ताडला आणि कुठपर्यंत, एवढं पहिल्या पानावर लिहायचं आणि पुढे पाठवणाऱ्यानं ते पान काढायचं नाही. प्रत मोकळी करण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हे काम आपलं मानलं पाहिजे, कारण बंद कपाटातल्या पोथीची जबाबदारी निदान कोणावर तरी असते.

शाफहाउझेनच्या पोथीची सगळी पानं आज जालावर पाहता येतात. चरित्राच्या शेवटी अॅडोम्नानची शपथ वाचायला मिळते आणि तिच्याखाली उतरवणाऱ्याची स्वतःची ओळ: कोलुम्बाच्या गुणांची ही पुस्तकं जो वाचेल त्यानं माझ्यासाठी, डोर्बेनेसाठी, प्रार्थना करावी, म्हणजे मृत्यूनंतर मला शाश्वत जीवन लाभेल.